एकशे एक्कावन्नावी गाडी

१ ऑगस्ट २०२४ ला दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं होतं. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. आमच्या आत्याचं सासर त्याच तालुक्यात, तेवढ्या धाग्यावर आत्यानं त्याला ताबडतोब "आपला पोरगा" करून टाकलं. फुलं, हात जोडलेले, तिरंगे, सगळं येऊन गेलं. मग कुणीतरी एक पुढं ढकललेला निरोप टाकला : तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! त्याखाली नववीतल्या भाचीचा प्रश्न : "मामा, ७२ वर्षांपूर्वी कोण होतं?"

मी लगेच लिहिलं, "खाशाबा जाधव. कुस्ती. हेलसिंकी, १९५२. आपल्या कराडजवळचे." तिकडून अंगठा आला. विषय संपला.

तो अंगठा बघून मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. उत्तर बरोबर होतं. स्पर्धा परीक्षेच्या गाईडात असतं तितकं बरोबर होतं. पण त्या चार तुकड्यांत माझ्याकडं स्वतःचं असं काहीच नव्हतं. आणि खरं तर माझ्याकडं असायला हवं होतं, कारण मी लहानपणी खाशाबांबद्दल ऐकलं ते पुस्तकातून नव्हे, आबांकडून.

आबा म्हणजे माझे आजोबा. कराडपासून दोन-तीन कोसांवरचं आमचं गाव. खाशाबा पदक घेऊन परत आले तेव्हा कराड स्टेशनापासून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळीकडं छापून आलेलं आहे. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले. आबा सांगायचे की त्या गाड्यांत एक आपली होती. खरं-खोटं देव जाणे. आमच्या भागात त्या पिढीतल्या ज्या ज्या म्हाताऱ्याशी मी बोललो, त्याची किंवा त्याच्या चुलत्याची गाडी त्या मिरवणुकीत होतीच. सगळ्यांवर विश्वास ठेवायचा तर गाड्या पाचशेवर जातील. पण आबांच्या गोष्टीत एक तपशील असा होता की मला ती खरी वाटते. मी विचारायचो, "पदक कसं होतं आबा?" ते म्हणायचे, "दिसलंच न्हाय की. आपली गाडी पार शेवटाला. निसती हलगी ऐकू येत हुती आन् पुढच्या गाडीचा धुरळा."

फुशारकी मारणारा माणूस आपली गाडी शेवटाला ठेवत नाही.

बाकी त्यांच्या आठवणीत सगळा बैलांचाच कारभार. आपल्या पाखऱ्यानं पुढच्या गाडीतली वैरण कशी ओढून खाल्ली, गाडीवान खाली उतरून कसा भांडला, शिंगांना लावलेले गोंडे परत येताना कसे हरवले. पदक कुठल्या वजनगटात, कुणाला हरवून, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "लांब बर्फाच्या मुलखात जाऊन आला गडी," एवढंच.

त्या ऑगस्टमध्ये मग मी जरा नीट वाचायला बसलो. आबांना न दिसलेलं पदक बघायचं म्हणून म्हणा.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. उंची बेताची, अंगकाठी लहान. आपल्याकडं तालमीत मान असतो तो थोराड अंगाच्या गड्याला. मैदानात मोठ्या इनामाची, शेवटची कुस्ती त्याची, लोक त्यालाच बघायला आलेले. मी स्वतः दोन वर्षं गावच्या तालमीत लोळलो आहे (कुस्ती शिकलो असं म्हणवत नाही). ताक, हळद, तेल, लिंबू पिऊन मऊ झालेल्या त्या लाल मातीचा वास अजून नाकात आहे आणि वस्तादांचं एक वाक्य अजून कानात आहे : "तुझं हाड बारीक, तुला कोण बघणार?" खाशाबांचंही हाड बारीकच. पण माती वजन बघते, तसा ऑलिम्पिकचा तराजूही वजन बघतो, फक्त उलट्या बाजूनं. तिथं बारीक हाडाच्या गड्याची गाठ बारीक हाडाच्याच गड्याशी पडते. पुढं लोक त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणू लागले. ढाक हा त्यांचा लाडका डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची आणि अंगावरून फेकायचं. ज्यानं कधी ढाक खाल्ली आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. पाठ टेकल्यावरही क्षणभर आपण नक्की कुठं आहोत ते समजत नाही.

१९४८ ला ते लंडनला गेले. जन्म मातीवर गेलेला आणि तिथं समोर मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर सटकतो. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, तिथं घड्याळ आणि गुण. तरीही फ्लायवेट गटात सहावे आले. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता.

आता इथं मी थांबलो, आणि वाचतानाही बराच वेळ इथंच रेंगाळलो होतो. १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे १९५२ साली खाशाबा हेलसिंकीला निघाले तेव्हा मागं राजा नव्हता. आणि नव्या लोकशाही सरकारला खेळाडूचा खर्च हा आपला विषय आहे असं अजून वाटू लागलं नव्हतं. जुनं छप्पर उतरवलेलं, नवं घातलेलं नाही, अशा मधल्या पावसाळ्यात हा माणूस सापडला. मग काय केलं? गावानं वर्गणी काढली, दारोदार फिरून पैसे मागितले गेले. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. सात हजार रुपये उभे केले.

१९५२ चे सात हजार. एका मास्तराचं घर. आणि कशासाठी, तर आपल्या एका विद्यार्थ्यानं फिनलंडमध्ये जाऊन कुस्ती खेळावी. तो जिंकेल याची काही हमी नाही. जिंकला तरी घर सुटेल याचीही हमी नाही, कारण ऑलिम्पिकमध्ये तेव्हा बक्षिसाचे पैसे मिळत नसत. मी सध्या पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटचे हप्ते भरतो. मला बँकेचा तो कागद डोळ्यांपुढं येतो. घरी बायकोला हे कसं सांगितलं असेल, असाही एक खवचट प्रश्न मनात येतो. अशा प्रसंगांची नोंद आपल्याकडं कुणी करत नाही.

हेलसिंकीला बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली, दमवणारी लढत झाली. ती हरले. इशीईनं पुढं सुवर्ण जिंकलं. त्या लढतीनंतर थोड्याच वेळात त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवसमोर उतरायला सांगितलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण 'हे नियमात बसत नाही' असं सांगायला मॅटजवळ आपल्याकडचा एकही अधिकारी नव्हता, असं पुढं वारंवार सांगितलं गेलं आहे. दमलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तारीख २३ जुलै.

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतानं नेदरलँड्सला ६-१ नं हरवलं. त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे. देशानं कुणाकडं बघावं? सोन्याकडं बघितलं, यात गैर काही नाही. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावेही कुस्ती खेळले होते, पण त्यांचं पदक हुकलं. त्यामुळं त्यांचं नाव मी हा लेख लिहीपर्यंत भाचीलाच काय, मलाही सांगता आलं नसतं. आमच्या घरात कोल्हापूरच्या कुस्तीवर रात्र रात्र बोलणारे लोक असून.

परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून आलेल्या पैशांनी आधी खर्डेकरांचं घर सोडवायला हात लावला. मला या साऱ्या कहाणीत पदकापेक्षा हे मोठं वाटतं. ऑलिम्पिकचा मानकरी गावोगाव मातीत उतरतोय, तिकीट लावून, मास्तरचं गहाण सोडवायला. १५१ गाड्या एका दिवसाच्या. हे काम त्यानंतरचं, बिनहलगीचं.

पुढचं सांगायला फार नाही. १९५५ ला मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर. निवृत्त होताना असिस्टंट कमिशनर. पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचं नाव दिलं. आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. आणि या सगळ्याच्या मधेच, २०१७ साली, गोळेश्वरला व्हायची कुस्ती अकादमी रखडली म्हणून घरच्यांनी ते पदकच लिलावात काढायची भाषा केली होती. ती बातमी मी तेव्हा वाचली होती, 'अरेरे' म्हटलं होतं आणि पुढची बातमी वाचली होती. आता वाटतं, त्या पदकाचा स्वभावच तो. गहाणातून आलं, पुन्हा बाजारापर्यंत जाऊन आलं.

भाचीला क्रिकेटचं वेड आहे. बुमराची इकॉनॉमी ती दशांशासकट सांगते. तिला मी कधी "आजकालच्या मुलांना काही माहीत नसतं" असं म्हणणार नाही, कारण मला तिच्या वयात कपिलदेवच्या १७५ धावांपलीकडं काही माहीत नव्हतं, आणि ती इनिंग मी पाहिलीही नव्हती. आकडे तोंडपाठ असणं हे प्रेमच आहे. माझी तक्रार आहे ती आकड्याच्या मागचा खर्चाचा रकाना फाडून टाकण्याच्या आपल्या सवयीबद्दल. 'पहिला', 'दुसरा', '७२ वर्षांनी' एवढं ठेवायचं. कुणी भरलं, कुणाचं गेलं, कोण मॅटजवळ हजर नव्हतं, ते पुसून टाकायचं.

एकदा हा रकाना बघायची खोड लागली की जुने खेळ वेगळेच दिसायला लागतात. १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धांतून मुलं निवडली गेली. सर दोराबजी टाटांनी त्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना बघितली, त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि खिशात हात घातला. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वा आला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथा आला. चौथा! ब्राँझ एका लढतीवर राहिलं. ती लढत इकडं झुकली असती तर खाशाबांच्या नावामागचं 'पहिला मराठी पदकवीर' हे बिरुद बत्तीस वर्षं आधीच दुसऱ्या मराठी गड्यानं नेलं असतं. चौथ्या नंबरला आपल्याकडं पुतळा नसतो, चौकही नसतो.

आणि काही जणांनी भरलेली किंमत पैशांत मोजताही येत नाही. पालवणकर बाळू हे आपल्या क्रिकेटमधले पहिले थोर डावखुरे फिरकी गोलंदाज, तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातीतले. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायला होते. इंग्रज अधिकाऱ्यांना नेटमध्ये तासन् तास गोलंदाजी करायचे, पण स्वतःच्या हातात बॅट यायची नाही. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं, कारण त्यांच्याशिवाय साहेबाला हरवणं कठीण होतं. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे, आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मी शाळेत असताना कुणी मला हा ११४ चा आकडा सांगितला असता तर वहीत लिहून घेतला असता आणि विसरलो असतो. ते मातीचं भांडं मात्र विसरता आलं नसतं. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ ला हिंदू संघाचा कप्तान झाला, तोवर भावांना संघातून अंग काढून घेण्यापर्यंत भांडावं लागलं होतं. हा आपल्या क्रिकेटचा इतिहास आहे, आणि तो स्टेडियमच्या भिंतीवर रंगवायला सोयीचा नाही.

'जुनं ते सोनं'वाल्यांशी माझं जमत नाही ते यासाठीच. त्यांना फेटे हवे असतात, हलगी हवी असते, तालमीच्या भिंतीवरचा मारुती हवा असतो. मला तो मारुती प्रिय आहे. पण ज्याच्या पैलवानाला खुराकाला दूध नाही त्या वस्तादाची वही बघितल्याशिवाय आठवण पुरी होत नाही.

त्या वर्षी दिवाळीत कोल्हापूरला गेलो तेव्हा भाचीला खासबाग मैदान दाखवलं. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, रोमचं कोलोसियम त्यांनी बघितलं आणि तसं काही आपल्या पैलवानांसाठी असावं असं त्यांच्या मनानं घेतलं. १९१२ ला खासबाग तयार झालं. आम्ही गेलो तेव्हा तिथं कुणीच नव्हतं, एक कुत्रं हौद्याजवळ झोपलं होतं. भाची पार वरच्या कडेला जाऊन बसली आणि ओरडली, "मामा, इथून पण सगळं दिसतंय!" दिसणारच. मधला आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी ती बांधणीच आहे. शेवटच्या माणसाच्या पुढं कुणाचा फेटा आडवा येत नाही. महाराजांनी शेवटच्या माणसाचा विचार करून मैदान बांधलं.

तिथं बसून मी तिला आबांची गाडी सांगितली. धुरळा, पाखऱ्या, वैरण, हरवलेले गोंडे. मग खर्डेकरांचं घर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुसाळेच्या वडिलांनी पण कर्ज काढलं होतं ना? गोळ्यांसाठी? मी वाचलंय." मला ते तोवर जोडून बघायचं सुचलंच नव्हतं. एक मास्तर १९५२ चा, शिष्यासाठी घर गहाण टाकणारा. स्वप्नीलचे वडीलही शिक्षकच. मधल्या काळात सरकारची क्रीडा प्रबोधिनी आली, त्यात स्वप्नील घडला, रेल्वेची नोकरी आली, प्रशिक्षक आले. आता मॅटजवळ आपला माणूस उभा असतो. ही वाटचाल लहान नाही आणि ती कुणाच्या तरी मागच्या अपमानातूनच झाली असणार. पण बंदुकीतली गोळी अजून बापाच्या कर्जावर सुटते. हे मी तिला सांगितलं नाही, तिनं मला सांगितलं.

जानेवारीत, १५ तारखेला, आम्ही गोळेश्वरला जायचं ठरवलं. तिचाच हट्ट होता : जायचं तर स्टेशनापासून जायचं, त्याच रस्त्यानं. म्हणून कराड गावाला वळसा घालून आधी ओगलेवाडीला स्टेशनावर गेलो, तिथून गाडी फिरवली. तिनं मोबाइलवर घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं होतात का बघू म्हणाली.

कृष्णेच्या पुलाच्या अलीकडंच अडकलो. उसाचा हंगाम ऐन भरात. पुढं कारखान्याला निघालेल्या बैलगाड्या, वाढ्यांचे तुरे रस्त्यावर लोळताहेत, बैलांच्या तोंडाला फेस. मी हॉर्नवर हात नेला.

"थांब ना मामा," ती म्हणाली. काच खाली करून तिनं डोकं बाहेर काढलं आणि बोटानं मोजायला लागली. एक, दोन, तीन.

वळणापलीकडच्या तिला दिसत नव्हत्या. ती म्हणाली, "पुढं अजून आहेत. ऐकू येतायत."